दोन पोती खत, एक एकर मका: आफ्रिकेची शेती अडते कुठे?

मलावी हा आग्नेय आफ्रिकेतला छोटा देश. समुद्रकिनारा नाही, शेती जवळजवळ सगळी पावसावर, आणि रोजच्या ताटात मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पांढरा उंडा. तिथे त्याला न्सिमा म्हणतात, केनियात उगाली, झिंबाब्वेत साड्झा. २००४-०५ मध्ये पाऊस हुकला आणि मलावीत अन्नाचे हाल झाले. पुढच्याच हंगामापासून सरकारने गरीब शेतकऱ्यांना कूपन द्यायला सुरुवात केली. कूपन दाखवलं की थोड्या पैशात दोन पोती खत मिळायचं, एक पेरणीचं मिश्रखत आणि एक युरिया. सोबत सुधारित मक्याचं बियाणं. पोतं ५० किलोचं. साधारण एका एकराला पुरेल असं हे पॅकेज होतं.

आफ्रिकेची शेती कशी बदलायची, या प्रश्नावर परिषदा पुष्कळ होतात. पण तो प्रश्न या दोन पोत्यांवरून जितका स्वच्छ समजतो तितका दुसऱ्या कशावरून समजत नाही. म्हणून आधी त्यांचाच हिशेब करू.

मिश्रखत २३:२१:० प्रकारचं, म्हणजे शेकडा २३ नत्र (नायट्रोजन), ५० किलोत साडेअकरा किलो. युरियात शेकडा ४६ नत्र, म्हणजे पोत्यात २३ किलो. एकूण साडेचौतीस किलो नत्र शेतात पडलं. आता एक किलो नत्र किती जास्तीचा मका देतं? जमीन धडधाकट, पेरणी वेळेवर आणि तण काढलेलं असेल तर २० किलो किंवा त्याहून जास्त. पण छोट्या शेतकऱ्यांच्या शेतात मोजमाप केलं की पुष्कळदा हा आकडा ८-१० किलोवरच अडकलेला दिसतो. पहिल्या शेतात खतामुळे ६९० किलो मका जास्त येतो, दुसऱ्या शेतात २७६ किलो.

मलावीत माणशी वर्षाला १३० किलोच्या आसपास मका लागतो. पाच माणसांच्या घराला ६५० किलो. म्हणजे त्याच दोन पोत्यांनी एका घराचं वर्ष निभावतं, तर दुसऱ्या घराचे जेमतेम पाच महिने. खत तेच, बियाणं तेच, सरकारचा खर्चही तेवढाच. हे मधले चारशे किलो जातात कुठे, ते शोधणं म्हणजेच आफ्रिकेची शेती समजून घेणं. आणि ६९० किलो पिकले तरी ते पुढच्या एप्रिलपर्यंत घरात टिकतात का, हा त्याच्या पुढचा प्रश्न.

जमीन: खत पडतं, पण लागत नाही

पश्चिम केनिया, इथिओपियाचा डोंगराळ भाग, झांबियाचा उत्तर भाग इथे पाऊस भरपूर. शतकानुशतकांच्या पावसाने जमिनीतला चुना धुऊन नेला आणि जमीन आंबट झाली. कोकणातल्या जांभ्या जमिनीत हीच प्रक्रिया घडली आहे, त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जमिनीचा सामू (पीएच) साडेपाचच्या खाली उतरला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मुळांच्या टोकांना इजा करतं. मुळं आखूड आणि बोथट होतात. पिकाला पाणीही कमी मिळतं आणि खतही. शिवाय महागामोलाचं स्फुरद (फॉस्फरस) लोह आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसतं, पिकाच्या हाती लागत नाही.

अशा जमिनीत युरियाची आणखी पोती ओतणं म्हणजे दुखणं वाढवणंच, कारण अमोनियाचं नत्र मातीत बदलताना आम्ल तयार करतं. इथे आधी चुना हवा. मात्रा माती तपासून ठरते, पण हेक्टरी दोन टन हा नेहमीचा आकडा. म्हणजे ५० किलोची ४० पोती! खताची दोन पोती सायकलवर येतात, चुन्याला ट्रक लागतो आणि ट्रकला रस्ता लागतो. चुनखडी स्वस्त आहे, तिची वाहतूक महाग. म्हणून चुन्याचं अनुदान खाणीपेक्षा वाहतुकीवर दिलं तर जास्त उपयोगी पडतं. चुना पेरणीच्या महिनाभर आधी मिसळावा लागतो. वरून नुसता भुरभुरवला तर वरच्या बोटभर मातीतच राहतो आणि मुळं खाली पुन्हा आम्लात शिरतात.

दुसरं दुखणं सेंद्रिय कर्बाचं, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत येणाऱ्या कसाचं. मलावीत शेतकऱ्याकडे सरासरी हेक्टरभरही जमीन नाही, मग पडीक ठेवणार काय? वर्षानुवर्षं मक्यावर मका. ताटं जनावरं खातात, नाहीतर चुलीत जातात. गुरं कमी, त्यामुळे शेणखतही कमी. कर्ब उतरलेली वालुकामय जमीन खत धरून ठेवत नाही, एका जोरदार पावसात नत्र मुळांच्या खाली निघून जातं. अशा काही शेतांत तर खत घातलेल्या आणि न घातलेल्या पट्ट्यात फरकच दिसत नाही. शास्त्रज्ञ त्यांना खताला दाद न देणाऱ्या जमिनी म्हणतात. त्या दुरुस्त व्हायला हंगाम नव्हे, वर्षं लागतात.

यावर मलावीत रुळत चाललेला एक उपाय फार शहाणपणाचा आहे. एकाच वरंब्यावर भुईमूग आणि तूर एकत्र लावायची. तूर पहिले दोन-तीन महिने मुंगीच्या पावलाने वाढते, त्यामुळे भुईमुगाला ती आड येत नाही. भुईमूग काढला की तूर मोकळी होते, खोल मुळांनी उरलेली ओल ओढते आणि पानगळ करून जमिनीवर पाचोळ्याची चादर टाकते. पुढच्या वर्षी त्याच जागी मका, आणि निम्म्या खतातही तो चांगला येतो. आपल्याकडे ज्याला बेवड म्हणतात तो हाच.

मग सगळे शेतकरी हे का करत नाहीत? मोठी अडचण शेळ्यांची आहे. मे महिन्यात मका निघाला की गुरं-शेळ्या मोकळ्या सोडायची गावोगाव रीत आहे, आणि त्या वेळी सगळ्या शिवारात हिरवी उभी असते ती फक्त तूर. एकट्याने तूर लावली तर ती शेळ्यांनाच जाते. दहा-वीस शेजाऱ्यांनी मिळून लावली, गावप्रमुखाने चराईबंदी ठरवली, तरच पीक हाती लागतं. बियाण्याच्या पिशवीवर हे छापलेलं नसतं, आणि नकाशावर 'तूर प्रसार' लिहिणाऱ्यांच्या ध्यानातही ते पुष्कळदा येत नाही.

पाणी: एका खड्ड्याची किंमत

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ओलिताखालचं क्षेत्र शेकडा पाचच्या आसपास. आपल्याकडची हरितक्रांती कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्यावर उभी राहिली. पंजाबचं सूत्र जसंच्या तसं तिथे न चालण्याचं पहिलं कारण हे. तिथला पाऊस आपल्या कोरडवाहू मराठवाड्यासारखाच वागतो. एकूण पडतो बरा, पण दोन पावसांत तीन आठवड्यांचा खंड पडतो आणि नेमका मक्याला तुरा येताना.

बुर्किना फासोच्या उत्तरेला यातेंगा नावाचा प्रांत आहे. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या दुष्काळांत तिथली जमीन इतकी कडक झाली, की पाऊस पडला तरी पाणी काचेवरून जावं तसं वाहून जायचं. तिथल्या याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने जुनी 'झाई' पद्धत सुधारून वापरली. २०१८ साली त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, २०२३ मध्ये ते वारले. पद्धत सांगायला सोपी आहे. कोरड्या महिन्यांत, पावसाच्या बऱ्याच आधी, कडक जमिनीत २० ते ३० सेंटिमीटर रुंद आणि १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डे काढायचे. उकरलेली माती उताराच्या बाजूला अर्धचंद्रासारखी रचायची, म्हणजे वरून येणारं पाणी खड्ड्यात थांबतं. खड्ड्यात दोन ओंजळी कुजलेलं शेणखत टाकायचं. त्या वासावर वाळवी येते आणि जमिनीत बोगदे करते. आपण वाळवीला शत्रू समजतो, इथे ती फुकटची नांगरणी करून देते. पहिल्या पावसानंतर त्याच खड्ड्यात ज्वारी किंवा बाजरी टोकायची.

गणित पाहा. खड्ड्यांत ८० सेंटिमीटर अंतर धरलं तर हेक्टरी १५,६२५ खड्डे होतात. खड्ड्याला ३०० ग्रॅम शेणखत म्हटलं तरी हेक्टरी पावणेपाच टन लागतं. खोदाईला हेक्टरी तीनशे तासांच्या वर मेहनत. म्हणजे दोन माणसं रोज पाच तास खपली तर महिना जातो. ज्या घरातले तरुण सोन्याच्या खाणीत किंवा आयव्हरी कोस्टच्या कोकोच्या मळ्यात कामाला गेले आहेत, त्या घराला झाई परवडत नाही. खूप रेताड जमिनीत खड्डे ढासळतात. पाऊस फार झाला तर खड्ड्यात पाणी साचून रोपं पिवळी पडतात. पण ज्या पडीक जमिनीतून काहीच येत नव्हतं, तिथे पहिल्याच वर्षी धान्य येतं, आणि ही ताकद दुसऱ्या फार कमी उपायांत आहे. उताराला आडव्या दगडी रांगा घातल्या तर परिणाम आणखी टिकतो. आपल्या समतल चरांचंच ते भावंड.

शेजारच्या नायजरमध्ये झाडांबाबत असंच घडलं. रोपं लावण्याच्या मोहिमा फसत होत्या, रोपं वाळून जायची. पण जमिनीखाली जुन्या झाडांचे खुंट जिवंत होते. शेतकरी दरवर्षी त्यांचे फुटवे छाटून टाकत. टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कार्यकर्त्याने १९८०च्या दशकात मारादी भागात एवढंच सुचवलं: खुंटाचे चार-पाच जोमदार फुटवे राखा, बाकीचे काढा, राखलेल्यांच्या खालच्या फांद्या छाटा. सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परतली. मात्र त्याला एक सरकारी बदलही कारणीभूत होता. आधी शेतातलं झाड कायद्याने सरकारचं मानलं जाई. ते राखणाऱ्याचं आहे असं मानलं जाऊ लागल्यावरच शेतकऱ्याने ते राखलं.

खताच्या मात्रेचाही एक देखणा उपाय याच कोरड्या पट्ट्यात रुजला. हैदराबादजवळ पाटनचेरूला मुख्यालय असलेली इक्रिसॅट ही संस्था नायजरमध्येही काम करते. तिथे खत शेतभर फेकण्याऐवजी बाजरीच्या प्रत्येक ठोंब्याला तीन बोटांची एक चिमूट, म्हणजे सुमारे ६ ग्रॅम, देण्याची पद्धत बसवली गेली. मोजायला सोड्याच्या बाटलीचं झाकण. हेक्टरी दहा हजार ठोंबे धरले तर खत लागतं फक्त ६० किलो. खत मुळाशीच पडतं, तणाला मिळत नाही, आणि रोप लवकर जोर धरत असल्याने पावसाचा पहिला खंड सोसतं. चूक एकच होते: खत बियाण्याला चिकटून पडलं आणि पाऊस लांबला तर उगवण जळते. दोघांत दोन बोटं माती हवीच.

वेळ, अंतर, तण, अळी

मलावीत पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहिल्या चांगल्या पावसावर होते. सरकारी खत जानेवारीत पोचलं तर पायाभूत मात्रेची वेळ गेलेली असते. शेतकरी मग दोन्ही पोती एकदमच टाकतो आणि बरंचसं नत्र वाया जातं. कूपन योजनांमधली सगळ्यात नेहमीची चूक हीच आहे, आणि ती शेतकऱ्याची नाही. निविदा उशिरा निघते, जहाज उशिरा लागतं, ट्रक चिखलात अडकतो.

पेरणीचं अंतरही महत्त्वाचं. जुन्या पद्धतीत ९० सेंटिमीटरवर वरंबा आणि ९० सेंटिमीटरवर एकेका जागी तीन दाणे, म्हणजे हेक्टरी ३७ हजार रोपं, आणि ती तिघं एकमेकांशीच भांडणारी. ७५ सेंटिमीटरच्या वरंब्यावर २५ सेंटिमीटरला एक दाणा टोकला तर ५३ हजार रोपं बसतात. मलावीत या पद्धतीला शेतकरी 'सासाकावा' म्हणतात. खर्च फक्त जास्तीच्या बियाण्याचा आणि वाकून टोकण्याच्या मेहनतीचा. अर्थात संकरित मक्याचे घरचे दाणे पुढच्या वर्षी पेरले तर ही सगळी मेहनत उतरत्या उत्पन्नात जाते. घरचं बियाणं ठेवायचंच असेल तर संकरित नसलेलं सुधारित वाण घ्यावं.

तणांमध्ये सगळ्यात वाईट आहे टारफुला. सोलापूर-मराठवाड्यातल्या ज्वारीवाल्या जुन्या शेतकऱ्यांना ही जांभळ्या-पांढऱ्या फुलांची परोपजीवी वनस्पती ठाऊक आहे. मक्याच्या मुळाला चिकटून ती रस शोषते. जमिनीवर दिसते तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं, त्यामुळे फक्त उपटून भागत नाही. एक झाड हजारो बारीक बिया टाकतं आणि त्या जमिनीत दहा-दहा वर्षं जिवंत राहतात. केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या म्बिता इथे, इसिपे या कीटकशास्त्र संस्थेत, झियाउर खान या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे द्विदल चारापीक लावायचं. त्याच्या मुळांतून असे द्रव्य झिरपते की टारफुल्याची बी फसून उगवते आणि मक्याचं मूळ न सापडल्याने मरते. शिवाय त्याच्या वासाने खोडकिड्याचे पतंग मक्यापासून दूर पळतात, आणि शेताच्या कडेला लावलेल्या हत्तीगवताकडे ओढले जातात. डेस्मोडियम नत्रही देतं आणि चाराही. अडतं ते बियाण्यापाशी. ते महाग आणि बारीक, पहिल्या हंगामात रोपं नाजूक, दोन खुरपण्या हाताने कराव्या लागतात. पहिल्या वर्षी शेतकऱ्याला साथ मिळाली तर दुसऱ्या वर्षापासून पीक स्वतःला सांभाळतं.

अळीची गोष्ट तर थेट आपल्या दारापर्यंत आली. अमेरिकन लष्करी अळी २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत दिसली, दोनेक वर्षांत जवळजवळ सगळ्या खंडात पसरली, आणि २०१८ मध्ये कर्नाटकात व पाठोपाठ महाराष्ट्रात मक्यावर उतरली. फवारणी फसण्याचं कारण दोन्हीकडे एकच. अळी मोठी झाली की पोंग्यात, म्हणजे कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, शिरते आणि स्वतःच्या विष्ठेने वरचं तोंड बंद करते, औषध आत पोचतच नाही. पानावर कागदासारखे पांढुरके ओरखडे दिसतात तेव्हाच, अळी लहान असताना, संध्याकाळी पोंग्यात औषध पडलं पाहिजे. आठवड्यातून दोनदा शेतात फिरून अंड्यांचे पुंजके हाताने चिरडणं छोट्या शेतात औषधापेक्षा स्वस्त पडतं.

पिकलेलं घरात टिकवणं

कापणी एप्रिल-मेमध्ये. भाव तेव्हाच सगळ्यात पडलेला आणि घरात पैशाची गरजही तेव्हाच सगळ्यात मोठी. शेतकरी विकतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत तोच मका पुष्कळदा दुप्पट भावाने विकत घेतो. विकण्याचं दुसरं कारण भीती असतं: ठेवला तर सोंडकिडे खातील. मध्य अमेरिकेतून आलेला मोठा दाणेभुंगा १९८०च्या सुमारास टांझानियात सापडला, तेव्हापासून तर काही महिन्यांत कणगीतला मका पिठासारखा होऊ लागला.

यावरचा उपाय तीन थरांच्या पिशवीत सापडला. मुळात ती अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम आफ्रिकेतल्या चवळीसाठी तयार केली. बाहेर विणलेलं साधं पोतं, आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, एकीत एक. सगळी किमया बंदिस्त हवेची आहे. आतले किडे श्वास घेत पिशवीतला प्राणवायू संपवतात. प्राणवायू नसला की त्यांना अन्नापासून शरीराला लागणारं पाणीही तयार करता येत नाही. ते खाणं थांबवतात आणि वाळून मरतात. विषारी गोळीची गरजच नाही. ज्या खोलीत मुलं झोपतात त्याच खोलीत धान्य असतं, तिथे हा फायदा किती मोठा आहे हे सांगायला नको.

पण पद्धत काटेकोर पाळावी लागते. आधी मका वाळवायचा, ओल शेकडा १३ च्या आसपास येईपर्यंत. ओल मोजायचं यंत्र नसेल तर कोरडी काचेची बाटली घ्या, पाव बाटली दाणे, वर दोन चमचे अगदी कोरडं मीठ, आणि मिनिटभर हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ च्या वर आहे. नाही चिकटलं तरी आणखी दोन दिवस ऊन द्या. ताडपत्रीवर वाळवा, मातीवर नाही. मग आतली पिशवी भरायची, हाताने दाबून हवा काढायची, तोंड पिळून, दुमडून, दोरीने घट्ट बांधायचं. मग दुसरी तशीच, शेवटी बाहेरचं पोतं. फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवायचं. किमान दीड-दोन महिने उघडायचं नाही. रोज थोडं काढायचं असेल तर त्यासाठी वेगळं पोतं. कणसाचा तुकडा किंवा काडी राहून प्लास्टिकला भोक पडलं की सगळं फुकट. आणि ओला मका भरला तर किडे मरतील, पण बुरशी वाढेल.

बुरशीचा धोका तर जिवाशी आहे. २००४ मध्ये केनियाच्या मकुएनी आणि कितुई भागात ओला साठवलेला मका खाऊन ३१७ लोक आजारी पडले, १२५ दगावले. बुरशी मक्यात सोडते ते विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ते शिजवून जात नाही, दिसत नाही आणि चवीला कळतही नाही. नायजेरियातल्या इबादानच्या कृषी संशोधन संस्थेने अमेरिकन शास्त्रज्ञांच्या साथीने काढलेला उपाय असा: त्याच बुरशीचे विष न बनवणारे स्थानिक प्रकार ज्वारीच्या मेलेल्या दाण्यांवर चढवायचे, आणि पिकाला तुरा येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी हेक्टरी १० किलो शेतात फेकायचे. निरुपद्रवी बुरशी जागा व्यापते, विषारी मागे हटते. जमीन ओली हवी, नाहीतर दाण्यावर बुरशी धरतच नाही. अडचण बाजाराची आहे. निर्विष मक्याला गावच्या बाजारात एक पैसाही जास्त मिळत नाही. पशुखाद्य किंवा बालआहार बनवणारा कारखाना तपासून खरेदी करतो, तिथेच हा उपाय टिकतो.

खत खंडातच आहे, मग महाग का?

जगातल्या ज्ञात फॉस्फेट खडकांपैकी सुमारे ७० टक्के साठा मोरोक्कोच्या ताब्यात आहे. नायजेरियात लागोसजवळ लेक्कीला २०२२ मध्ये वर्षाला ३० लाख टन युरिया बनवण्याच्या क्षमतेचा कारखाना सुरू झाला. तरीही मलावीच्या गावात खत पोचेपर्यंत त्याची किंमत फुगते. ब्राझीलची मागणी मोठी, अख्खं जहाज भरून जातं. मलावी-झांबियाची मागणी लहान, शिवाय माल येतो मोझांबिकच्या बेइरा, नाकाला किंवा टांझानियाच्या दार-ए-सलाम बंदरामार्गे. बंदरात पोती भरणं, ट्रक, सीमेवरचा खोळंबा, पुढे कच्चा रस्ता. २००६ मध्ये अबुजात आफ्रिकी देशांनी खतवापर हेक्टरी ८ किलोवरून ५० किलोवर नेण्याचं ठरवलं होतं. सहाराच्या दक्षिणेकडे सरासरी अजून त्याच्या निम्म्यालाही पोचलेली नाही.

१ जानेवारी २०२१ पासून खंडव्यापी मुक्त व्यापार सुरू झाला, पण कमी पावसाच्या वर्षी सरकारं मक्याची निर्यातबंदी घालतातच. लासलगावच्या कांदा उत्पादकाला ही वेदना कोणी समजावून सांगायला नको. व्यापारी गोदाम बांधायला धजत नाही, कारण माल साठवला त्याच महिन्यात सीमा बंद होऊ शकते.

आफ्रिकी देशांनी मिळून खंडपातळीवर ठराव पुष्कळ केले. २००३ मध्ये मापुतोत ठरलं, अंदाजपत्रकाचे १० टक्के शेतीला द्यायचे. २०१४ मध्ये मलाबोत ठरलं, २०२५ पर्यंत भूक संपवायची आणि काढणीनंतरची नासाडी निम्मी करायची. या ठरावांची एक गोष्ट खरोखर चांगली आहे: दर दोन वर्षांनी देशांची गुणपत्रिका निघते. २०१८ च्या पहिल्या गुणपत्रिकेत ४७ पैकी २० देश उद्दिष्टांच्या वाटेवर होते. दुसऱ्या वेळी चार, तिसऱ्या वेळी एकटा रवांडा, आणि चौथ्या वेळी एकही नाही. जानेवारी २०२५ मध्ये कंपालात २०२६ ते २०३५ साठी नवा कार्यक्रम ठरला: उत्पादन ४५ टक्क्यांनी वाढवणं, नासाडी निम्मी, खंडांतर्गत व्यापार तिप्पट.

पैसा किती यापेक्षा तो कशावर जातो ते पाहावं. मलावीत काही वर्षी कृषी खात्याच्या निम्म्याहून जास्त पैसा एकट्या खत अनुदानावर गेला. चुना, माती परीक्षण, शेतीशाळा, गावचा रस्ता, पिशव्या यांच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. म्हणजे २७६ चे ६९० करणाऱ्या गोष्टींवर कमी, आणि पुन्हा २७६ च देणाऱ्या पोत्यांवर जास्त. खत बंद करा असं म्हणणं चूक आहे, त्याने त्याच वर्षी भूक वाढते. पण चुन्याआधी आणि बेवडाआधी खत देणं ही क्रमाची चूक आहे, आणि ती दुरुस्त होऊ शकते.

आणि तूर

वर भुईमुगाशेजारी जी तूर आली, तिला मलावीत नान्दोलो म्हणतात. देशात ती खाल्ली जाते, पण पैसा देते ती निर्यात, आणि ती जवळपास सगळी भारतात. मोझांबिक आणि टांझानियाचंही तेच.

२०१५ च्या दिवाळीत आपल्याकडे तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी तूर खरेदीचा करार केला. इकडे विदर्भ-मराठवाड्यात पेरा वाढला, पाऊस साधला आणि २०१७ च्या सुरुवातीला हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये असताना बाजार त्याच्या खाली गेला. खरेदी केंद्रांबाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा घातली. महाराष्ट्राच्या शेतकऱ्याची मागणी रास्त होती. पण त्या वेळी मलावी-मोझांबिक-टांझानियात तूर काढणीला आली होती, पेरताना कोणालाच याची कल्पना नव्हती, आणि तिथला भाव कोसळला. पुढच्या हंगामात तूर कमी झाली, मका वाढला, म्हणजे नत्र देणारं पीक जमिनीतून उठलं आणि नत्र खाणारं वाढलं.

२०२१ मध्ये मलावीशी पाच वर्षांचा करार झाला, वर्षाला ५० हजार टन. मोझांबिकचा दोन लाख टनांचा. आकडा आधी ठरलेला असणं दोन्हीकडच्या शेतकऱ्याला बरं, कारण लातूरचा शेतकरीही जूनमध्ये पेरताना या देशांतून किती तूर येणार त्याचा अंदाज बांधू शकतो. मात्र मलावीत तुरीचं बी नोव्हेंबरच्या पावसाआधी घ्यावं लागतं आणि शेळ्यांच्या चराईबंदीची गावबैठक त्याच सुमारास होते. कराराची मुदतवाढ ऑक्टोबरच्या आत जाहीर झाली तर त्या बैठकीत तूर लावायचं ठरतं. जानेवारीत झाली तर तोवर वरंब्यावर मका उगवलेला असतो.